मेलेली कोंबडी कुणाला सांगायची?

इंदूरहून दक्षिणेला निघालेला रस्ता खंडवा, बऱ्हाणपूर, शहापूर असं करत इच्छापूरला येतो आणि तिथे मध्य प्रदेश संपतो. टेकडीवर इच्छादेवीचं देऊळ, खाली केळीच्या बागा, आणि थोडं पुढे गेलं की मुक्ताईनगरकडे जाणारा महाराष्ट्रातला रस्ता. सरकारच्या दृष्टीने ही सीमा आहे. गावकऱ्यांच्या सोयरिकी रावेर, सावदा, मुक्ताईनगरपर्यंत आहेत, घरात मराठी बोलली जाते आणि बाजारात हिंदी व निमाडीही चालते. एरवी नवरात्राच्या यात्रेपुरतं बाहेर ऐकू येणारं हे नाव मार्च २००६ च्या अखेरीस देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. भोपाळच्या प्रयोगशाळेत इच्छापूरच्या कोंबड्यांच्या नमुन्यांत एच५एन१ हा विषाणू सापडला होता. मध्य प्रदेशातला बर्ड फ्लूचा तो पहिला उद्रेक.

त्याआधीचे सहा आठवडे असे गेले होते. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला उद्रेक जाहीर झाला. पाठोपाठ सीमेपलीकडे गुजरातमधलं उच्छल. मार्चच्या मध्याला जळगाव जिल्ह्यातली चार ठिकाणं: हातेड, साळवे, मारूळ आणि सावदा. मग इच्छापूर. नवापूरला मोठमोठे पोल्ट्री फार्म होते, हजारो पक्षी एका छपराखाली. जळगावची गोष्ट वेगळी होती. तिथे रोग सापडला तो परसातल्या कोंबड्यांत, म्हणजे ज्यांना पिंजरा नाही, खाद्याची गोणी नाही, कुठे नोंद नाही अशा पाखरांत. हातेड चोपड्याकडे, साळवे धरणगावकडे, मारूळ यावलमध्ये, सावदा रावेरमध्ये. चारही गावं एकमेकांना लागून नाहीत. नकाशावर हे ठिपके जोडायला गेलं की आठवडी बाजार आणि पै-पाहुण्यांचे रस्ते डोळ्यांपुढे येतात.

त्या वर्षी तीन राज्यांत मिळून सुमारे १० लाख पक्षी मारून पुरले गेले. ११ ऑगस्ट २००६ ला भारताने स्वतःला बर्ड फ्लूमुक्त जाहीर केलं. हे आकडे नोंदवलेले आहेत. ज्या घरी पहिली कोंबडी मेली, त्या घरच्या बाईला त्या सकाळी काय वाटलं असेल, हे मात्र कुठे नोंदवलेलं नाही, आणि मला या सगळ्यात तेच महत्त्वाचं वाटतं. कारण तिच्या घरी कोंबडी मरणं ही नवी गोष्ट नव्हती. उन्हाळा तोंडावर आला की कोंबड्या मरतातच.

परसातली कोंबडी हा व्यवसाय म्हणायचा की नाही, याचं उत्तर सोपं नाही. पाच-दहा कोंबड्या, एक कोंबडा, एक-दोन तलंगा, मागेपुढे पिल्लांचा घोळका. रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली. सकाळी मूठभर कणी नाहीतर ज्वारी टाकायची आणि सोडून द्यायचं. बाकीचं त्या स्वतः मिळवतात: उकिरड्यातले किडे, वाळवी, सांडलेलं धान्य, कोवळं गवत. गावठी कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते ऐंशी अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, अंड्यावर बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं काढते आणि पुढचे दोन-अडीच महिने त्यांना घेऊन हिंडते. पोल्ट्रीवाल्यांच्या हिशेबात हे नुकसानीचं काम आहे, कारण बसलेली कोंबडी अंडी देत नाही. बाईच्या हिशेबात तीच खरी किमतीची कोंबडी असते. तिच्यामुळे पिल्लं विकत आणावी लागत नाहीत.

आणि हा हिशेब बाईचाच असतो. केळीचे पैसे, कापसाचे पैसे घरच्या पुरुषाच्या हातात येतात. अंड्यांचे आणि कोंबड्यांचे पैसे मात्र बहुतेक घरांत तिच्याकडे राहतात. वह्या, दवाखाना, किराणा, माहेरी जाताना एसटीचं भाडं, पाहुणा आला तर रस्सा. बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्याच खकनार-नेपानगरकडच्या कोरकू, भिल्ल, भिलाला, बारेला वस्त्यांत कोंबडा देवाच्या कामालाही लागतो, त्यामुळे तिथे त्याचा रंगसुद्धा बघून पाळतात. देशाच्या २०१९ च्या पशुगणनेत एकूण ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली सुमारे ३१.७ कोटी परसातली होती. २०१२ च्या गणनेपेक्षा हा आकडा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढला, आणि त्याच काळात फार्मवरचे पक्षी साडेचार टक्केच वाढले. म्हणजे ही मागे पडत चाललेली जुनी रीत आहे असं समजायचं कारण नाही.

आता दुष्काळ. बऱ्हाणपूरला दुष्काळाची आठवण फार जुनी आहे. १६३०-३२ च्या दख्खनच्या भीषण दुष्काळात शहाजहानचा मुक्काम याच शहरात होता आणि इथे अन्नछत्रं उघडावी लागली होती. त्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पोटातलं पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आणणारा कुंडी भंडारा इथे बांधला गेला. शंभराहून अधिक कुंड्या भुयारांनी जोडलेल्या आणि पाणी केवळ उतारावर चालणारं. पाण्याची काळजी या शहराच्या पायातच आहे. जुलै २०२२ मध्ये ‘हर घर जल’चं प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा बऱ्हाणपूरच ठरला, ही अभिमानाचीच गोष्ट. पण दारात नळ आला तरी पाऊस फसला की विहिरी आणि कूपनलिका खोल जातात, आणि केळीसारखं तहानलेलं पीक उभं असलेल्या पट्ट्यात ते लवकर जाणवतं. पलीकडच्या बाजूला २०१८ मध्ये महाराष्ट्राने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जळगावचे बहुतेक तालुके होते. आभाळ दोन्हीकडे एकच.

दुष्काळात परसातल्या कोंबडीचं काय होतं ते बाहेरून सहज दिसत नाही. गुरांसाठी छावण्या निघतात, चारा येतो, त्याच्या बातम्या होतात. कोंबडीसाठी छावणी कधीच निघत नाही, आणि तिला दुष्काळ लागतो तो हळूहळू. खळंच झालं नाही तर खळ्यावर सांडलेलं धान्य नाही. ज्वारी महाग झाली की कणी आधी माणसाच्या ताटात जाते. जमीन कडक होते, ओल जाते, तसे किडे आणि गांडुळंही जातात. अंडी आधी लहान होतात, मग पातळ कवचाची, मग बंद. खुडूक कोंबडी वेळेआधीच अंड्यांवरून उठते. बाकीच्या अन्नाच्या शोधात घरापासून लांब जातात आणि घार, मुंगूस, कुत्री त्यांची संख्या कमी करत राहतात.

मग घरातले लोक विकायला काढतात. बैल विकणं हा शेवटचा निर्णय असतो, बकरी त्याआधीचा, कोंबडी सगळ्यांत पहिला. त्यामुळे दुष्काळी वर्षात आठवडी बाजारात पाय बांधलेल्या, सायकलच्या दांड्याला उलट्या टांगलेल्या कोंबड्या जास्त दिसतात. ज्या विकल्या जात नाहीत त्या संध्याकाळी परत घरी येतात, दिवसभर दहा गावांच्या कोंबड्यांशेजारी बसून. काही घरं मजुरीला बाहेर निघतात आणि जाताना कोंबड्या जावेकडे किंवा शेजारणीकडे ठेवून जातात. दोन घरांचे थवे एका खुराड्यात येतात. दुष्काळ आणि पाखरांचा रोग यांचं सगळ्यांत घट्ट नातं मला इथे दिसतं. तहानेपेक्षाही कोंबड्यांची ही ये-जा रोगाला जास्त मानवते.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. दुष्काळामुळे बर्ड फ्लू होत नाही. रोग विषाणूने होतो. दुष्काळ त्याला वाटा मोकळ्या करून देतो आणि त्याची ओळख पटायला उशीर करतो. तो उशीर कसा होतो ते समजायला आधी कोंबडीचं अंग समजून घ्यावं लागेल.

निरोगी कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सियस असतं. माणसाला एवढा ताप आला तर आपण धावत दवाखाना गाठू. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत आणि अंगावर पिसांची गोधडी. उष्णता बाहेर टाकायचा तिचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. चोच उघडी, पंख अंगापासून सुटे, गळा थरथरतो, तोंडातल्या ओलाव्याची वाफ होते आणि अंग निवतं. पण हा उपाय पाण्यावर चालतो. साध्या दिवसांत ती खाण्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, कडक उन्हात त्याहून किती तरी जास्त. शिवाय भराभर श्वास सोडताना रक्तातला कर्बवायू कमी होतो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि कवच बनवायला लागणारा चुना नीट बसत नाही. मे महिन्यातल्या अंड्याचं कवच बोटाच्या दाबाने फुटतं, ते यामुळे. नुसता शिंपल्यांचा चुरा खाऊ घालून ते पुरतं सुधारत नाही. आधी सावली आणि पाणी लागतं.

बऱ्हाणपूरचा पारा मे महिन्यात ४४-४५ अंशांपर्यंत जातो. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली की सावलीतसुद्धा कोंबडीला उष्णता टाकायला जागा उरत नाही. पत्र्याखालचं खुराडं तर भट्टी होतं. जुन्या बायकांना यातलं बरंच ठाऊक असतं. परळात पाणी ठेवायचं, मातीच्या भांड्यात ते गार राहतं. भांडं जमिनीत अर्धं पुरायचं. त्यात चार खडे टाकायचे, म्हणजे पिल्लू पडलं तरी बुडत नाही. खुराड्यावर ओलं गोणपाट. दाणे पहाटे आणि दिवस मावळताना, भर दुपारी नाही, कारण अन्न पचवतानाही अंगात उष्णता तयार होते. न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलेल्या दोन-चार केळी कोंबड्यांच्या दुपारच्या सावलीसाठी सर्वांत बऱ्या. मान उघडी असलेल्या जातीची कोंबडी काही जणींना दिसायला आवडत नाही, पण गळ्यावर पिसं नसल्यामुळे ती उन्हात खरोखरच जास्त टिकते, हे शास्त्रानेही दाखवून दिलं आहे.

इतकं करूनही उन्हाळ्यात कोंबड्या मरतात, आणि ऊन एकटंच मारत नाही. त्याच दिवसांत मानमोडी येते. पुस्तकी नाव राणीखेत. १९२६ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलजवळ हा रोग ओळखला गेला आणि लगेच १९२७ च्या सुमारास कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला दिसला, म्हणून आपल्याकडे त्याला त्या गावाचं नाव चिकटलं. हिरवट पातळ हगवण, श्वासाला घरघर, मग मान वाकडी होऊन पाठीवर वळते आणि पाय लुळे पडतात. मराठी नावातच सगळं आलं आहे. लस न दिलेल्या थव्यात शिरली की दहातल्या आठ-नऊ कोंबड्या नेते. गावात म्हणतात, “मर आली.” आणि मर आली की करायचं काय तेही ठरलेलं असतं: उरलेल्या कोंबड्या विकून टाकायच्या किंवा कापून खायच्या, मेलेल्या नाल्यात टाकायच्या, पावसाळ्यानंतर माहेरून नाहीतर बाजारातून जोडी आणायची आणि पुन्हा सुरुवात करायची. कित्येक पिढ्या हे चक्र असंच चाललं आहे.

मानमोडीवर लस आहे, स्वस्त आहे आणि उत्तम काम करते. सातव्या दिवशी पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. मग परसात ती का पोचत नाही? लस शंभर किंवा अधिक मात्रांच्या कुपीत येते. बर्फात ठेवावी लागते. एकदा पाण्यात कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, उन्हात राहिली की वाया गेली. जिच्याकडे बारा कोंबड्या आहेत तिने शंभर मात्रांची कुपी का घ्यावी? दहा घरांनी एकत्र येऊन, एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, गल्लीतून एकीने हातात बर्फाचा डबा घेऊन फिरणं हे याचं उत्तर. दिवसा परसातली कोंबडी हाती लागत नाही, ही अगदी साधी अडचण लसीकरणाच्या वेळापत्रकात कुणी धरतच नाही. गावोगावच्या पशुसखींनी हे काम हाती घेतलं, तिथे मर थांबल्याचं बायका स्वतःच सांगतात. माझ्या मते बर्ड फ्लूविरुद्धची पहिली तयारी म्हणजे मानमोडीची लस. कारण साधं आहे: ज्या गावात मानमोडीने कोंबड्या मरत नाहीत, तिथे एकाएकी चार कोंबड्या मेल्या तर ते लगेच डोळ्यांवर येतं.

नवापूरला नेमकं उलट झालं होतं. तिथल्या मरतुकीला सुरुवातीला राणीखेतच समजलं गेलं. मोठ्या फार्मवर, डॉक्टर हाताशी असताना ही गफलत झाली, तर पहाटे खुराडं उघडणाऱ्या बाईकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?

बर्ड फ्लूचा विषाणू मुळात पाणपक्ष्यांचा आहे. रानबदकांच्या आतड्यात तो राहतो आणि बऱ्याचदा त्यांना फारसं आजारीही पाडत नाही. विष्ठेतून पाण्यात येतो. त्याचा सध्याचा मारक वंश १९९६ मध्ये दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगच्या एका हंसात प्रथम सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची लागण झाली आणि सहा दगावली. २००५ मध्ये चीनच्या चिंघाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यांत आपल्याकडे हिवाळ्यात येणारा पट्टकादंबही होता. वर्षभरात नवापूर.

गारवा आणि ओलावा या विषाणूला मानवतो. ४ अंशांत तो विष्ठेत महिनाभराहून अधिक टिकतो, ३७ अंशांत आठवडाही काढत नाही. म्हणून आपल्याकडे धोक्याचे दिवस साधारण डिसेंबर ते मार्च, आणि कडक उन्हात त्याचा जोर ओसरतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. ताप्ती-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर धरणावर हिवाळ्यात रानबदकांचे मोठे थवे उतरतात. गावोगावचे छोटे तलाव, नाल्यांतले डोह यांवरही ती पांगलेली असतात. पाऊस फसला की हे तलाव जानेवारीतच आटू लागतात. मग बदकं, बगळे, कावळे, गुरं आणि परसातल्या कोंबड्या सगळे उरलेल्या एकाच डबक्यावर येतात. कोंबडीला घरी परळात पाणी मिळालं तर ती डबक्यावर जात नाही. नळाचं पाणी दारात येणं हे कोंबडीच्याही आरोग्याचं काम आहे, असं मी म्हणतो ते यासाठी.

तरी सगळा दोष रानपक्ष्यांच्या माथी मारणं सोपं आणि चुकीचं आहे. रोग एका गावातून दुसऱ्या गावात जायला रानबदक लागत नाही. कोंबड्यांचा पिंजरा, अंड्यांचे ट्रे, टेम्पोची चाकं, चपलांना लागलेली घाण, बाजारातून परत आलेली न विकलेली कोंबडी एवढं पुरतं. इच्छापूरपर्यंत विषाणू नेमका कुणाच्या पायाने आला, हे शोधण्यापेक्षा असे पाय किती असतात हे समजणं जास्त उपयोगी आहे.

२००६ नंतर या पट्ट्यात तो परत परत डोकावला. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदुरात कावळे मरून पडले. मग मंदसौर आणि बऱ्हाणपूरच्या शेजारचं खरगोन. तेव्हाचा प्रकार एच५एन८ होता. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआकडच्या एका कडकनाथ फार्मवर रोग निघाला. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं होतं आणि तो आदिवासी घरांचा मोठा आधार बनू लागला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तेच. २०२५ च्या सुरुवातीला छिंदवाड्यात पाळीव मांजरांत एच५एन१ सापडला आणि चिकनची दुकानं काही आठवडे बंद ठेवावी लागली.

आणि एक घटना बऱ्हाणपूरला अगदी खेटून असलेल्या मेळघाटातली. २०१९ मध्ये तिथल्या एका सतरा महिन्यांच्या कोरकू बाळाच्या नमुन्यात एच९एन२ हा विषाणू सापडला. भारतातली माणसातली ही पहिली नोंद. हा सौम्य प्रकार, कोंबड्यांत फार मरतूक करत नाही, आणि बाळ बरं झालं. ही लागण सापडली कारण मेळघाटच्या गावांत लहान मुलांच्या श्वासरोगांचा अभ्यास चालू होता आणि नमुने तपासले जात होते. जिथे कुणी बघत होतं, तिथे दिसलं. एच५एन१ मात्र माणसातही गंभीर आहे. जुलै २०२१ मध्ये दिल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलाचा त्याने बळी घेतला. तो माणसाकडून माणसात सहज पसरत नाही आणि ७० अंशांवर नीट शिजलेल्या मांसातून किंवा अंड्यातून धोका नाही. धोका असतो तो आजारी कोंबडी हाताळण्यात, कापण्यात, पिसं काढण्यात. म्हणजे पुन्हा घरच्या बाईलाच. ‘मर आली की कापून खा’ या रीतीतला घातक भाग हा आहे, ताटातला नव्हे.

मग ओळखायचं कसं? उन्हाने मेलेली कोंबडी दुपारी मरते, बहुधा जाडजूड किंवा अंड्यावर बसलेली, आणि दिवस कलला की मरणं थांबतं. मानमोडी चार-आठ दिवस चालते, मान आणि पाय दाखवते. बर्ड फ्लूत संध्याकाळी दाणे टिपणाऱ्या कोंबड्या सकाळी खुराड्यात मेलेल्या सापडतात, एक-दोन दिवसांत निम्मा थवा जातो, डोकं सुजतं, तुरा आणि गलोल निळसर-काळे पडतात, पायांच्या नळ्यांवर रक्ताळ ठिपके येतात. शेतातल्या औषधाने विषबाधा झाली तरी पटापट मरतात, पण तो कहर एकाच घरी थांबतो. इतकं सांगूनही खरं हेच की डोळ्यांनी खात्री होत नाही, पशुवैद्यालाही नाही. खात्री होते ती भोपाळला, राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. २००६ मध्ये इच्छापूरचे नमुने तपासले ते याच प्रयोगशाळेने, २०१४ मध्ये तिला स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला.

भोपाळपर्यंत नमुना जाण्याआधी कुणीतरी सांगावं लागतं. आणि सांगितल्यावर काय होतं, हे गावाला माहीत असतं. २००६ मध्ये रोगाच्या केंद्रापासून तीन किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जात. पुढे हे अंतर एक किलोमीटरवर आलं, आणि एक ते दहा किलोमीटरच्या पट्ट्यात देखरेख. भारताचं धोरण कोंबड्यांना या मारक प्रकाराची लस देण्याचं नाही, रोग सापडला की पक्षी नष्ट करायचे, खड्डा करून चुन्यात पुरायचे, हे आहे. रोगाच्या शास्त्राने पाहिलं तर ते बरोबर आहे. पण एका बाईने खरं सांगितलं की तिच्याच नव्हे, अख्ख्या गल्लीच्या कोंबड्या जातात, आणि उद्या नळावर तिला त्याच बायकांसमोर उभं राहायचं असतं. मग कोंबड्या पोत्यात घालून रातोरात पाहुण्यांकडे पोचतात, आणि त्यांच्याबरोबर रोगही. २००८ च्या पश्चिम बंगालमधल्या मोठ्या उद्रेकात, जिथे रोग मुख्यतः परसातल्या कोंबड्यांत होता, पक्षी सोपवायला लोक तयार नव्हते हा सर्वांत मोठा अडसर ठरला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे गावाला ठाऊक असतं. तरी माणूस झाकतो, कारण उघडं ठेवल्याचा भुर्दंड त्याला एकट्याला पडतो.

भरपाई मिळते. २०२१ च्या दरांप्रमाणे आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, त्याखालच्या पिल्लाला २०, मांसाच्या मोठ्या पक्ष्याला ७०, अंड्याला ३ रुपये, खाद्याला किलोमागे १२. फार्मवरच्या पक्ष्याचा विचार करून हे दर बांधलेले दिसतात. गावठी कोंबडा बाजारात त्याच्या कित्येक पट किमतीला जातो. आणि हे पैसे मारलेल्या कोंबडीचे मिळतात, आधीच मेलेल्या कोंबडीचे नाहीत. म्हणजे जिने पहिल्या दिवशी सांगितलं तिला भरपाई जास्त, थांबली तिला कमी. ही एकच गोष्ट प्रत्येक गावात ओरडून सांगायला हवी. ती सांगितली जात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सांगायची जागा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना. मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय गाडीही बोलावता येते. तोवर मेलेल्या पाखराला उघड्या हाताने शिवायचं नाही. प्लास्टिकची पिशवी हातात चढवून उचलायचं, मुलांना आणि मांजर-कुत्र्यांना लांब ठेवायचं, नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकायचं नाही. उरलेल्या कोंबड्या बाजारात न्यायच्या नाहीत, पाहुण्यांकडेही नाही. डॉक्टर येणारच नसेल तर कुत्र्याला उकरता येणार नाही एवढा खोल खड्डा, वर चुना, मग माती. हात साबणाने धुवायचे. या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असतं आणि ते साध्या साबणाने विरतं, त्यासाठी महागडं औषध लागत नाही. नवी आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवायची. बाजारातून आल्यावर चप्पल दारातच काढायची. हे सगळं जमण्यासारखं आहे. कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवा, हा सल्ला मात्र परसात चालत नाही. ज्या कोंबडीचं अन्नच बाहेर आहे तिला कोंडलं तर खाऊ काय घालणार, आणि दुष्काळी वर्षात तर मुळीच नाही.

उद्रेक संपल्यावर, पुन्हा पाळायची परवानगी मिळाल्यावर, घरात खुराडं असतं आणि त्यात काही नसतं. सरकारी योजनेतून वनराजा, ग्रामप्रिया किंवा जबलपूरच्या विद्यापीठाने कडकनाथच्या संकरातून तयार केलेली नर्मदानिधी अशी सुधारित पिल्लं मिळू शकतात. ती गावठीपेक्षा दुपटीहून जास्त अंडी देतात, दिसायला रंगीत असतात, हिंडूनफिरून खातात. पण सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी उबवायला गावठी कोंबडीच लागते, आणि ती तर खड्ड्यात गेलेली असते. भरपाईच्या तक्त्यात अंड्याची कोंबडी असते, मांसाची असते, पिल्लू असतं, बदकही असतं. खुडूक कोंबडीचा रकाना नाही. मग बाई लांबच्या गावाहून, जिथे रोग पोचला नाही अशा एखाद्या नातलगाकडून, दोन तलंगा आणते. त्या सहा-सात महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. बारा-पंधरा अंडी साठेपर्यंत तीन-चार आठवडे. मग कोपऱ्यातल्या टोपलीत भुसा किंवा गवत घालून त्यावर अंडी मांडायची, त्यावर कोंबडी बसवायची, आणि एकवीस दिवस तिच्या हाताशी पाणी ठेवायचं.